क्वेसीच्या तीन सह्या

लेकीकडे इंग्लंडला सहा आठवडे राहून आले. मिरजेत भेटेल तो विचारतो, राजवाडा पाहिला का, ते नदीकाठचं मोठं चक्र पाहिलं का. नाही पाहिलं. शिल्पाने दोनदा तिकिटं काढली, दोन्ही वेळा पावसाने घोळ घातला आणि तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं. माझा बराचसा मुक्काम एका छपराकडे बघण्यात गेला. त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मेडनहेड

लंडनजवळच्या या गावात शिल्पाचं घर लाल विटांचं, उतरत्या कौलांचं. ती सकाळी लॅपटॉप घेऊन ट्रेनमध्ये बसते आणि एका बँकेत लोकांची कागदपत्रं तपासते. कागद हा तिचा धंदाच असल्याने घरी आलेल्या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यावरचा मजकूरही ती शेवटपर्यंत वाचते. जावई कामानिमित्त परदेशी होते. नऊ वर्षांची नात ईरा शाळेतून आली की माझ्याशी तिच्या पद्धतीचं मराठी बोलायची.

मी पोचले त्याच आठवड्यात सोलरवाल्यांची माणसं सामान टाकायला आणि मापं घ्यायला आली. तिघे होते. डॅरन हा मुकादम, पन्नाशीचा, हसतमुख. लुईस पंचविशीचा फिटर. तिसरा चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा, उंच, काळाभोर, व्हॅनमधून एकेक पॅनल उतरवून भिंतीशी लावत होता. मी त्याला हमाल समजले. सरळ कबूल करते, कारण त्याच दिवशी माझ्या बहिणीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "अगं, काळा माणूस दिसतोय मागे. पर्स वर ठेवलीस ना?" आणि मी तिला चांगलंच झापलं. झापायचा मला फारसा अधिकार नव्हता.

मग माझं लक्ष व्हॅनकडे गेलं. व्हॅनच्या अख्ख्या बाजूवर त्याच माणसाचा फोटो. डोक्यावर हेल्मेट, पाठीमागे निळं आकाश, छपरावर बसून हातातल्या क्रिंपिंग प्लायरने वायरच्या टोकाला कनेक्टर दाबतोय आणि बत्तीशी दाखवतोय. मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडची निदेशक होते. मला फोटोत बत्तीशी दिसली नाही, वायर दिसली. ती सोललेलीच नव्हती. वरचं रबर तसंच ठेवून हा गृहस्थ कनेक्टर दाबत होता. असं माझ्या वर्गात कुणी केलं असतं तर दिवसभर बाहेर उभं केलं असतं.

मला राहवलं नाही. चहा द्यायच्या निमित्ताने गेले आणि म्हणाले, "तुमचा हा फोटो चुकीचा आहे. वायर न सोलता कुणी क्रिंप करतं का?"

तो इतक्या मोठ्याने हसला की परांचीवरच्या लुईसने खाली वाकून पाहिलं.

"आंटी, तीन वर्षं ही व्हॅन रस्त्यावर फिरतेय," तो म्हणाला. "हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. मी फोटोग्राफरला सांगितलं होतं. तो म्हणाला, नुसतं हस."

त्याचं नाव क्वेसी. घानामधला. 'आंटी' ही त्यांच्याकडचीही रीत आहे, वयाने मोठी बाई दिसली की आंटीच. तिकडे पंधरा वर्षं इलेक्ट्रिशियन होता, इथे येऊन नऊ वर्षं झाली. चहा पिऊन झाल्यावर त्याने भिंतीशी लावलेलं प्रत्येक पॅनल मीटर लावून तपासलं. तसं करायला त्याला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. प्रोब धरायची पद्धत, आधी मीटर स्वतः तपासायची सवय, सगळं पक्कं. अकरावं पॅनल मेलेलं निघालं. ते छपरावर चढवून, जोडून मग कळलं असतं तर अर्धा दिवस वाया गेला असता. डॅरन वरून ओरडला, "चीअर्स, मेट!" आणि पुन्हा मापं घ्यायला लागला.

"तुम्ही वर का जात नाही?" मी विचारलं.

"गेलोय की," त्याने व्हॅनकडे बोट केलं. "त्या दिवशी. फोटोपुरता."

मग त्याने समजावून सांगितलं ते असं. त्या देशात छपरावर काम करायला आणि फिटरचा पगार मिळवायला कार्ड लागतं. परीक्षा त्याने दिल्या होत्या, पास होता. राहिल्या होत्या तीन सह्या. तीन वेगवेगळ्या घरांवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम स्वतः करायचं, त्याचे फोटो काढायचे आणि मुकादमाने प्रत्येक घराच्या कागदावर सही करायची की या माणसाला हे येतं. डॅरन दर वेळी म्हणायचा, पुढच्या घरी बघू. दरम्यान लुईस नवा आला, त्याला वायर सोलण्यापासून सगळं क्वेसीनेच शिकवलं, आणि वर्षभरात लुईसच्या तीन सह्या होऊन तो वर चढला. क्वेसीची कार्डासाठीची नोंदणी एकदा वाढवून घेतलेली होती. सप्टेंबरअखेर ती संपणार. मग पुन्हा पहिल्यापासून.

इथे मी जी चूक केली ती शिक्षकाच्या जातीचीच होती. आपल्याकडे जर्नल घेऊन मास्तरांच्या मागे फिरणं हा शिक्षणाचाच भाग मानतात. मीही मुलांना फिरवलंय. आज वेळ नाही, उद्या ये, समास नीट नाही, परवा ये. त्याने चिकाटी येते असं माझं मत होतं. तेच ज्ञान मी क्वेसीला पाजळलं. "मागे लागा. नम्रपणे, पण सोडू नका. रोज विचारा. शेवटी सही मिळतेच."

"हो, आंटी," तो म्हणाला आणि रिकामा कप मला परत दिला.

ग्लासगो

इन्व्हर्टर आला नाही म्हणून काम दोन आठवडे पुढे गेलं. तेवढ्यात मी ग्लासगोला भाचीकडे जाऊन आले. मानसी तिथे एका इस्पितळात डॉक्टर आहे. गाडीत माझ्या शेजारच्या बाईंनी पाच तास विणकाम केलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. उतरताना मात्र माझी बॅग स्वतःहून खाली काढून दिली. त्या देशात माया असते, तिचा आवाज होत नाही.

मानसीने सुट्टी काढून मला शहराबाहेर पवनचक्क्या दाखवायला नेलं. उघडी माळरानं, गुडघाभर तपकिरी गवत, मधून मधून काळं पाणी साचलेलं. साताऱ्याच्या पठारावर आपल्याकडेही पवनचक्क्या आहेत, पण तिथे निदान ऊन असतं. इथे वाऱ्याने माझी छत्री उलटी करून नेली ती थेट मेंढ्यांच्या कळपात. मानसी धावली, मेंढ्या धावल्या, छत्री काही मिळाली नाही.

माहिती सांगायला एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. आधी कोळशाच्या वीजकेंद्रात फिटर होते. केंद्र बंद झालं तेव्हा काय केलंत, मी विचारलं.

"आमची काळजी घेतली," ते म्हणाले. "जुना अनुभव धरला, वरचं शिक्षण दिलं, सहा महिन्यांत कार्ड हातात. माझ्या टोळीतले सगळे इकडे आलो."

बरं वाटलं ऐकून. कोळसा गेला म्हणून माणूस वाऱ्यावर सोडला नाही, हे चांगलंच झालं. मी विचारलं, "तुमच्या टोळीत कुणी काळे होते?"

ते खरोखर विचारात पडले. माणूस प्रामाणिक होता. "नाही," म्हणाले. "एकही नाही. मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

परतताना मी मानसीला क्वेसीची गोष्ट सांगितली, आणि माझा सल्लाही. ती गाडी चालवत होती. म्हणाली, "मावशी, डोन्ट माइंड, पण तू चुकीचं सांगितलंस. आमचाही पोर्टफोलिओ असतो, प्रत्येक प्रोसीजरला सीनियरचं साइन-ऑफ लागतं. मी रिक्वेस्ट पाठवली की दोन दिवसांत येतं. माझ्याबरोबर एक नायजेरियन मुलगा आहे, माझ्यापेक्षा त्याचा हात कितीतरी चांगला. त्याला महिने लागतात. तो विचारत नाही असं नाही गं. तो माझ्यापेक्षा जास्त विचारतो."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही," ती म्हणाली. "माझं होत होतं ना."

ती पोर खोटं बोलली नाही याचं मला कौतुक वाटलं आणि रागही आला. रात्री तिने पिठलं केलं होतं, बटाट्याच्या स्कॉटिश पोळीबरोबर. बरं लागलं.

हाउन्सलो

दक्षिणेत परत आल्यावर किराण्याच्या निमित्ताने हाउन्सलोला गेले. तिथे कढीपत्त्यापासून कुळथापर्यंत सगळं मिळतं. दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं आणि माणसं बोलता बोलता थांबून, विमान गेलं की तेच वाक्य पुढे चालू करतात. क्वेसी तिथेच राहतो. त्याने जेवायला बोलावलं होतं.

त्याची बायको अबेना विमानतळावर काम करते. तिने मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे, पानात गुंडाळून उकडलेले गोळे केले होते, बरोबर तळलेला मासा आणि सुक्या मासळीची काळी झणझणीत चटणी. पहिल्या घासाला मी म्हटलं, ही तर आमची सुकटाची चटणी. अबेनाला भारी आनंद झाला. मी भारतीय, तिखट खाणार नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं! माझ्याबद्दल इतका वाईट गैरसमज आजवर कुणी पसरवला नव्हता.

जेवण झाल्यावर क्वेसीने फाइल दाखवली. नीट खुणा घातलेली, आकृत्या पट्टीने आखलेल्या. तीन कागद कोरे. फोटोंच्या जागी एकच फोटो होता, व्हॅनवरचा. तोच त्याने एकदा पाठवून पाहिला होता. परीक्षकाने शेरा मारून परत केला होता: वायर सोललेली नाही.

आम्ही दोघं हसलो. अबेना हसली नाही. ती म्हणाली, "शेवटचं पान दाखव आंटींना."

शेवटच्या पानावर यादी होती. घराचा पत्ता, दिवस आणि डॅरनने दिलेलं उत्तर. आज घाई आहे. आज पाऊस येईल. आज ग्राहक कटकट्या आहे. पुढच्या घरी नक्की. एका ठिकाणी नुसतं लिहिलं होतं, हसला. पान दोन्ही बाजूंनी भरलं होतं आणि दुसरं पान जोडलं होतं. मी मोजलं नाही. ज्या माणसाला मी चहाचा कप हातात देऊन 'रोज विचारा' म्हणून शिकवलं, त्याने तीन वर्षं नेमकं तेवढंच केलं होतं.

मला लाज वाटली. मी तसं सांगितलंही. "मी ज्या बाजूला उभी होते तिथे पेन माझ्या हातात असायचं," मी म्हणाले. "म्हणून मला ते सोपं वाटलं."

"तुम्ही निदान सही करायचात ना?" अबेनाने विचारलं.

करायचे. शेवटी सगळ्यांना करायचे. पण मधल्या काळात पोरं काय काय लिहून ठेवत असतील हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

मी म्हणाले, आमच्या घराच्या दिवशी मी डॅरनला सांगते, ग्राहकाची आई म्हणून. क्वेसीने मान हलवली. "नको, आंटी. विचारणार मीच. तुम्ही फक्त तिथे असा. आणि फोटो काढा."

मेडनहेड, छपराचा दिवस

सकाळी आठला व्हॅन आली. शिल्पाने त्या दिवशी घरून काम घेतलं होतं आणि मला आधीच तंबी दिली होती. "आई, प्लीज. इथे असं मध्ये पडत नाहीत. दे आर प्रोफेशनल्स. तू फक्त चहा दे."

मी चहा दिला. ते तिघे आणि मी अंगणात उभे असताना क्वेसीने डॅरनला विचारलं, "आज मी वर काम करू? सगळं, शेवटपर्यंत?" माझ्या हातात बिस्किटांची ताटली होती आणि मी तिथून हलले नाही. डॅरनने माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. "व्हाय नॉट, मेट?"

ईराच्या खोलीला छपरात खिडकी आहे. मी तिथे खुर्ची टाकून बसले. ईरा शाळेत जाताना विचारून गेली, "आजी, तो माणूस आपला छप्पर करतो? ऑल बाय हिमसेल्फ?" मी म्हटलं, हो, सगळं एकटा.

त्याने पट्ट्या बसवल्या, लेव्हल लावली, पॅनल चढवली. लुईस खालून द्यायचा, तो वर घ्यायचा. वायर सोलताना मी मुद्दाम जवळून फोटो घेतला, तांब्याच्या तारा चकचकीत दिसतील असा. एक कनेक्टर त्याच्या मनासारखा बसला नाही, तो त्याने कापून टाकला आणि नवा केला. डॅरन खालून म्हणाला, "चालेल रे, सोड." क्वेसीने सोडलं नाही. मी माझ्या एकतीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पोरांना असं कापून पुन्हा करताना पाहिलंय. दुपारी तीनला इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला. डॅरनने सगळी मापं पुन्हा घेतली आणि एकही चूक काढली नाही.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद निघाले. क्वेसीने आपला कागद पुढे केला. डॅरनने खिशातून पेन काढलं, पाच सेकंदांत काहीतरी लिहिलं, सही ठोकली. क्वेसीने वाचलं आणि कागद परत टेबलावर ठेवला.

"तू लिहिलंयस, मदत केली," तो म्हणाला. "मी मदत केली नाही. मी काम केलं."

"एकच आहे रे ते."

"एकच असतं तर तू दुसरं लिहिलं असतंस."

त्याचा आवाज चढला नव्हता, पण हात टेबलाच्या कडेवर घट्ट दाबलेला मला दिसला. त्या हातात नोकरी होती, हाउन्सलोच्या घराचं भाडं होतं. डॅरनने हसून विषय मोडला आणि शिल्पासमोर तिचा कागद सरकवला. काम पूर्ण झालं, समाधानकारक आहे, अशी ग्राहकाची सही. ती मिळाल्याशिवाय कंपनीला पुढचं काही करता येत नाही. शिल्पाने पेन उचललं. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने मला मध्ये पडू नकोस म्हणून सांगितलं होतं आणि तिला स्वतःला भांडण अजिबात सोसत नाही. पंधरा वर्षं त्या देशात ती कुणाशी मोठ्याने बोललेली नाही.

ती वाचत राहिली. पान उलटलं. पुन्हा पहिल्या पानावर आली.

"इथे इन्स्टॉलर म्हणून लुईसचं नाव आहे," ती म्हणाली.

"ऑफिसमधून छापून येतं ते."

"पण लुईसने केलं नाही. क्वेसीने केलं. माझ्या आईकडे प्रत्येक स्टेपचा फोटो आहे." तिने पेन खाली ठेवलं. "सॉरी, डॅरन. मी चुकीच्या कागदावर सही करू शकत नाही. तुम्ही दुरुस्त करा, मी लगेच करते. आणि त्यांचा कागदही तसाच असायला हवा ना? दोन कागदांवर दोन वेगळ्या गोष्टी असतील तर उद्या कुणी तपासलं की प्रॉब्लेम तुम्हालाच येईल."

हे सगळं इतक्या गोड आवाजात की बँकेत माणसं हिला का घाबरत असतील ते मला त्या दिवशी कळलं. ती न्यायासाठी भांडली असं मी म्हणणार नाही. चुकीचा कागद तिला बघवत नाही, एवढंच. पण लेक माझी आहे, मला अभिमान वाटायचा तो वाटलाच.

लुईस दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "त्यानेच केलं, डॅरन." आणि कान लाल करून बुटांकडे बघत राहिला.

डॅरनने लुईसचं नाव खोडलं, क्वेसीचं लिहिलं. क्वेसीच्या कागदावर 'मदत केली' खोडून 'काम स्वतः केलं' असं लिहिलं, बाजूला आद्याक्षरं घातली. शिल्पाने सही केली. क्वेसीने त्याच्या कागदाचा तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढला आणि मगच तो फाइलीत घातला.

व्हॅनमध्ये शिडी चढवताना डॅरन म्हणाला, "एवढं कशाला, मेट? नुसतं नीट विचारायचं होतंस."

मला वाटलं आता याचा तोल जातो. पण क्वेसीने शिडीचा पट्टा आवळला आणि म्हणाला, "गुरुवारी स्लाव गावातलं घर आहे. मला वर जायचंय. विचारतोय."

"बघू."

"बघू नको. हो की नाही?"

अंगणात शिल्पा, लुईस आणि मी. कुणीच आत जात नव्हतं. डॅरनने गाडीचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "हो," म्हणाला.

मी आठवड्याने मिरजेला परतले. सप्टेंबर संपायला चार दिवस असताना क्वेसीचा मेसेज आला. दुसरी सही स्लावच्या घराची, डॅरननेच केलेली. त्यानंतर डॅरन दुसऱ्या भागात गेला आणि त्याच्या जागी लुईसला मुकादम केलं. क्वेसी आता त्याच्या हाताखाली आहे. तिसऱ्या कागदाचा फोटो मी मोठा करून वाचला. 'या उमेदवाराला हे काम येतं याची मी स्वतः पाहून खात्री केली आहे,' असं छापलेलं, आणि खाली लुईसची सही.

मी लिहिलं, त्याला सही करताना काही वाटलं का?

क्वेसीचं उत्तर आलं: "तो सॉरी म्हणायला लागला, आंटी. मी म्हटलं, सॉरी नंतर. आधी तारीख घाल."